वेसण सुटल्यानंतरचे अस्वल

नागपूरहून मेहकरमार्गे छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा जुना महामार्ग वाशीम जिल्हा ओलांडून बुलढाणा जिल्ह्यात शिरतो, तो डोणगावच्या परिसरात. वऱ्हाडातील अशाच रस्त्यांवरून, गावोगावच्या बाजाराच्या दिवसांचा अंदाज घेत, एकेकाळी दरवेशी फिरत असत. खांद्यावर झोळी, एका हातात डमरू, दुसऱ्या हातात काठी आणि दोरीच्या टोकाला काळेभोर केसाळ अस्वल, हे दृश्य आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या पिढीच्या आठवणीत पक्के बसलेले आहे. डमरूचा आवाज कानी पडताच मुले धावत सुटत. अस्वल मागच्या दोन पायांवर उभे राहून डुलू लागे. कोणी पसाभर धान्य देई, कोणी दोन पैसे टाकी. तापाने फणफणलेल्या किंवा झोपेत दचकणाऱ्या मुलाला अस्वलाच्या पाठीवर बसवले की त्याची भीती जाते, असा समज होता. ताइतात घालण्यासाठी अस्वलाचा एखादा केस मागून घेतला जाई.

आज हे दृश्य दिसत नाही. भारतात रस्त्यावर नाचविल्या जाणाऱ्या अस्वलांपैकी अखेरचे मानले गेलेले ‘राजू’ नावाचे अस्वल १८ डिसेंबर २००९ रोजी बंगळूरुजवळच्या बन्नेरघट्टा येथे मुक्त करण्यात आले आणि काही शतकांची परंपरा संपुष्टात आली. वन्यजीव संरक्षणाच्या क्षेत्रात इतका स्पष्ट शेवट क्वचितच पाहावयास मिळतो. मात्र या यशकथेचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. नाकातील दोरी कापण्यास काही मिनिटे लागतात. त्यानंतरचे पुनर्वसन अस्वलाच्या मरणापर्यंत चालते. इतके करूनही त्या अस्वलाला त्याचे रान परत मिळत नाही. असे का व्हावे, हे समजून घेण्यासाठी आधी या प्राण्याची ओळख करून घेतली पाहिजे.

वारुळावर जगणारा प्राणी

महाराष्ट्रात ज्याला नुसते ‘अस्वल’ म्हटले जाते, त्याचे शास्त्रीय नाव मेलर्सस अर्सिनस. भारत, श्रीलंका आणि नेपाळ हे त्याचे घर. इंग्रजीत त्याला ‘स्लॉथ बेअर’ म्हणतात आणि या नावामागे एक गैरसमज आहे. १७९१ मध्ये जॉर्ज शॉ या प्राणिशास्त्रज्ञाने या प्राण्याच्या लांब, वाकड्या नख्या पाहून त्याला दक्षिण अमेरिकेतील ‘स्लॉथ’ या झाडावर लटकणाऱ्या प्राण्याच्या गटात घातले. पुढे चूक लक्षात आली. नाव मात्र चिकटून राहिले.

वाळवी आणि मुंग्या हे या अस्वलाचे मुख्य अन्न. कठीण वारूळ फोडण्यासाठी त्याला लांब नख्या मिळाल्या आहेत. वरच्या जबड्यातील पटाशीचे मधले दोन दात त्याला नसतात. त्या फटीतून ते जोराने फुंकर मारून माती उडविते आणि मग वाळवी आत ओढून घेते. हे करीत असताना माती नाकात जाऊ नये म्हणून नाकपुड्या हवे तेव्हा मिटून घेण्याची शक्ती त्याला लाभली आहे. ओठ लांब आणि लवचीक असतात. वाळवी ओढतानाचा त्याचा आवाज रानात बऱ्याच अंतरावरून ऐकू येतो. याखेरीज मध, बोरे, जांभळे, उंबरे, मोहाची फुले आणि बहाव्याच्या शेंगा हाही त्याचा आहार. दृष्टी अधू, श्रवणशक्ती बेताची. सारा भरवसा नाकावर. थोडक्यात, नाक, ओठ, दात आणि नख्या ही या प्राण्याच्या उपजीविकेची हत्यारे होत.

मादी हिवाळ्यात, बहुधा डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, गुहेत किंवा दगडांच्या कपारीत पिलांना जन्म देते. पिले साधारणतः दोन. दोन-तीन महिन्यांनी ती गुहेबाहेर येतात, तीही आईच्या पाठीवर बसून. पाठीवरील लांब, राठ केसांना घट्ट धरून प्रवास करणारी पिले हे या जातीचे खास वैशिष्ट्य. पुढे दीड ते अडीच वर्षे पिलू आईबरोबरच राहते. कोणते वारूळ फोडावे, कोणत्या ऋतूत कोणते फळ कोठे मिळते, पाणी कोठे आहे, वाघाची चाहूल लागल्यावर काय करावे, माणसापासून किती दूर राहावे, हे सारे शिक्षण त्या काळात होते.

खेळामागचे वास्तव

नाचणाऱ्या अस्वलाची कहाणी नेमकी या शिक्षणाच्या आरंभीच तुटते. पिलू हाती लागावे म्हणून बहुधा आईला मारले जाई, किंवा ती चरावयास गेली असता गुहेतून पिले उचलली जात. तस्करांकडून ती दरवेशांच्या आणि कलंदरांच्या हाती पडत. वाटेत किती पिले दगावत, याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

पिलू काही महिन्यांचे झाले की तापवून लाल केलेली लोखंडी सळई त्याच्या नाकाडातून आरपार घातली जाई. भूल नाही, औषध नाही. त्या छिद्रातून दोरी ओवली जाई. बैलाच्या नाकात वेसण घालणे शेतकरी समाजाला परिचित आहे. परंतु ज्या प्राण्याचे सारे जगणे नाकावर अवलंबून आहे त्याच्या नाकाडातून दोरी ओवणे ही वेगळीच गोष्ट होय. जखम पुरती भरून येत नसे. दोरी ओढली की वेदनेपासून सुटका मिळविण्यासाठी पिलू मान वर करी आणि मागच्या पायांवर उभे राही. प्रेक्षकांना नाच दिसे तो हा. ताल डमरूचा असे आणि पाय दोरीच्या ओढीने उचलले जात.

माणसाला इजा होऊ नये म्हणून सुळे तोडले जात, नख्या छाटल्या जात. नर पिलांचे अनेकदा खच्चीकरण केले जाई. दिवसभर तापलेल्या रस्त्यावर चालणे आणि पोटाला भाकरी-पोळी व पातळ दूध. अशा आहारामुळे आणि उपेक्षेमुळे पुष्कळ अस्वलांची दृष्टी तरुणपणीच जाई. माणसाच्या सतत सहवासाने क्षयरोगासारखे आजार त्यांना जडत. खेळाचे हत्यार म्हणून जे जे केले गेले, त्याने अस्वलाची जगण्याची सारी हत्यारे एकेक करून काढून घेतली गेली.

दरवेशी आणि कलंदर

ही सारी क्रूरता एका समाजाच्या माथी मारून मोकळे होणे सोपे असले तरी न्याय्य नव्हे. ‘दरवेशी’ हा शब्द मूळचा फकिराचा वाचक. मराठीत तो अस्वल घेऊन फिरणाऱ्यासाठी रूढ झाला. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत दरवेशी समाजाची नोंद आहे. उत्तर आणि मध्य भारतात तसेच कर्नाटकात हाच व्यवसाय करणारे लोक कलंदर म्हणून ओळखले जातात. मोगल काळात राजेरजवाड्यांच्या दरबारी करमणूक करणारे हे लोक आश्रय संपल्यावर रस्त्यावर आले, असे मानले जाते. जमीन नाही, घर नाही, शिक्षण नाही. बापाकडून मुलाला वारसा मिळावयाचा तो डमरूचा आणि दोरीचा. एका अस्वलाच्या कमाईवर एक कुटुंब, कधी त्याहून अधिक तोंडे पोसली जात. अस्वल हे त्यांचे एकमेव भांडवल होते आणि ते गमावणे म्हणजे उपासमार.

अनेक घरांत अस्वलाला माणसासारखे नाव असे, ते घरातल्या मुलांबरोबर वाढे. त्याच घरात त्याचे सुळे तोडले जात. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या आणि म्हणूनच केवळ शिक्षेच्या धाकाने हा प्रश्न सुटणे शक्य नव्हते.

कायदा होता, जागा नव्हती

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. अस्वलाचा समावेश आज या दुसऱ्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंक्तीत आहे. १९६० च्या कायद्यातील अधिकाराचा वापर करून केंद्र सरकारने १४ ऑक्टोबर १९९८ रोजी अधिसूचना काढली आणि अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह या पाच प्राण्यांना खेळासाठी शिकविण्यास व त्यांचे प्रदर्शन करण्यास मनाई केली. सर्कशीच्या चालकांनी तिला आव्हान दिले. केरळ उच्च न्यायालयाने २००० मध्ये ही बंदी उचलून धरली आणि १ मे २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तिच्यावर शिक्कामोर्तब केले.

तरीही रस्त्यावरची अस्वले तशीच होती. १९९० च्या दशकाच्या मध्यावर झालेल्या पाहणीत देशात सुमारे १,२०० नाचणारी अस्वले असल्याचा अंदाज पुढे आला होता. कायदा असूनही कारवाई का होत नसे, याचे उत्तर साधे आहे. एखाद्या पोलीस ठाण्याने किंवा वन परिक्षेत्राने अस्वल जप्त केले तर ते ठेवायचे कोठे? कायद्याच्या भाषेत ते मुद्देमाल. परंतु हा मुद्देमाल खातो, आजारी पडतो, चावतो आणि वीस-पंचवीस वर्षे जगतो. प्राणिसंग्रहालयांत आधीच जागेची टंचाई. जंगलात सोडावे तर ते मरणार. त्यामुळे अस्वल पाहूनही न पाहिल्यासारखे करणे हाच सर्वांच्या सोयीचा मार्ग ठरे.

ही कोंडी फुटली ती निवारा केंद्र उभे राहिल्यावर. कार्तिक सत्यनारायण आणि गीता शेषमणी यांनी १९९५ मध्ये स्थापन केलेल्या ‘वाइल्डलाइफ एसओएस’ या संस्थेने उत्तर प्रदेश वन विभागाच्या सहकार्याने आग्र्याजवळ कीठम येथील सूर सरोवर पक्षी अभयारण्यात १९९९ मध्ये अस्वलांसाठी केंद्र सुरू केले. जुन्नर तालुक्यातील माणिकडोह येथील बिबट्या निवारा केंद्राच्या कामामुळे ही संस्था महाराष्ट्रातही परिचित आहे. डिसेंबर २००२ मध्ये नाचणाऱ्या अस्वलांची पहिली तुकडी आग्र्यात दाखल झाली. पुढे भोपाळचे वनविहार, बंगळूरुजवळील बन्नेरघट्टा आणि पश्चिम बंगालमधील पुरुलिया येथेही अशी केंद्रे झाली. ‘इंटरनॅशनल ॲनिमल रेस्क्यू’ आणि ‘फ्री द बेअर्स’ यांसारख्या परदेशी संस्थांनी आर्थिक हातभार लावला. २००२ ते २००९ या सात वर्षांत सहाशेहून अधिक अस्वले या केंद्रांत पोचली.

केंद्रातील पहिले दिवस

नव्याने आलेल्या अस्वलाला प्रथम इतरांपासून वेगळे ठेवले जाते. भूल देऊन त्याची सर्वांगीण तपासणी होते. त्याच वेळी नाकातील दोरी कापून काढली जाते. अनेकदा ती मांसात रुतलेली असे, जखमेत पू किंवा अळ्या असत. रक्ताची तपासणी, क्षयरोगाची चाचणी, जंतांवरील औषध हे पुढचे टप्पे. तुटलेल्या सुळ्यांची मुळे हिरड्यांत कुजत राहिल्याने बहुतेक अस्वलांना दातांच्या शस्त्रक्रियेची गरज भासते. मोतीबिंदूने किंवा जुन्या इजेने गेलेली दृष्टी मात्र सहसा परत येत नाही.

आहाराची घडी बसविण्यासही वेळ लागतो. वर्षानुवर्षे पोळी-भाकरीवर जगलेल्या पोटाला एकदम नवे अन्न मानवत नाही. धान्याची शिजवलेली पातळ लापशी, दूध, अंडी, मध आणि कलिंगड, खजूर यांसारखी फळे हा केंद्रातील अस्वलांचा साधारण आहार. विलगीकरण संपले की अस्वलाला लहान आवारात, मग झाडझाडोरा असलेल्या मोठ्या आवारात सोडले जाते. कित्येक अस्वले प्रथम दारातच थबकतात. दोरीच्या लांबीपलीकडे आपण होऊन पाऊल टाकण्याचा अनुभवच त्यांच्या गाठीस नसतो.

शरीरापेक्षा मनाची जखम चिवट असते. सुटकेनंतरही अनेक अस्वले एकाच जागी उभी राहून डोके या बाजूचे त्या बाजूला हलवीत राहतात, किंवा ठरावीक चार पावले पुढे-मागे करीत राहतात. बघणाऱ्याला तो नाच वाटावा. प्रत्यक्षात दीर्घ बंदिवासाने जडलेला तो मानसिक विकार होय. त्यावर उपाय म्हणजे अस्वलाला सतत काही उद्योग पुरविणे. लाकडाच्या ओंडक्यांना भोके पाडून त्यांत मध भरून ठेवतात, खाणे दगडांखाली आणि फांद्यांवर लपवितात, झुलते मंच टांगतात, उन्हाळ्यात डुंबण्यासाठी हौद भरून देतात. आवारात वारुळे असली तर काही अस्वले काही काळाने जमीन उकरू लागतात. सुळे तुटलेले, नाकाड फाटलेले असले तरी फुंकर मारण्याची आणि ओढून घेण्याची उपजत प्रेरणा मेलेली नसते, हे तेव्हा ध्यानात येते. काही अस्वलांचे डुलणे कालांतराने कमी होते, काहींचे अखेरपर्यंत सुटत नाही.

रान परत का देता येत नाही?

आग्र्याच्या केंद्रास भेट देणाऱ्या पुष्कळांच्या मनात एक प्रश्न येतो: इतके बरे झालेले अस्वल जंगलात का सोडीत नाहीत? उत्तर अस्वलाच्या शरीरात आणि बालपणात आहे. सुळे आणि नख्या गमावलेले अस्वल वाघाशी, किंवा दुसऱ्या अस्वलाशीही, झुंज देऊ शकत नाही. आईबरोबर दोन वर्षे राहून जे शिकावयाचे ते त्याने शिकलेले नाही. ऋतुमानाप्रमाणे अन्न शोधण्याची वाट त्याला ठाऊक नाही. माणसाची भीती त्याला उरलेली नाही. भूक लागली की ते सरळ वस्तीकडे चालत येईल आणि गावकऱ्यांना त्याचा इतिहास माहीत असणार नाही. शिवाय त्याच्या अंगात क्षयरोगाचे जंतू असतील तर ते रानातील निरोगी अस्वलांपर्यंत पोचण्याचा धोका राहतो.

विहिरीत पडलेले अस्वल आणि दोरीवरचे अस्वल यांतील भेद येथे लक्षात घ्यावा लागतो. महाराष्ट्रात कठडे नसलेल्या विहिरींत वन्य प्राणी पडण्याचे प्रकार वारंवार घडतात. असे प्रौढ, निरोगी अस्वल वेळीच बाहेर काढले तर ते त्याच रात्री आपल्या रानात परत जाऊ शकते, आणि तसेच व्हावयास हवे. त्याचे शिक्षण झालेले असते, हत्यारे शाबूत असतात. ज्याला पिलू असतानाच रानातून तोडले, त्याच्यासाठी मात्र निवारा केंद्र हेच अखेरचे घर. म्हणूनच अशा केंद्रांत प्रजनन होऊ दिले जात नाही. बंदिवासात जन्मलेल्या पिलालाही पुढे आवाराबाहेर जागा नसते.

याचे एक बोलके उदाहरण नेपाळमधील आहे. भारतातील खेळ थांबल्यावरही सीमेपलीकडे काही अस्वले नाचविली जात होती. डिसेंबर २०१७ मध्ये नेपाळच्या रौतहट जिल्ह्यातून ‘रंगीला’ आणि ‘श्रीदेवी’ या दोन अस्वलांची सुटका झाली. ती त्या देशातील अखेरची नाचणारी अस्वले मानली गेली. मात्र तेथे त्यांच्यासाठी योग्य केंद्र नव्हते. त्यांना काठमांडूजवळच्या प्राणिसंग्रहालयात हलविण्यात आले आणि तेथे श्रीदेवीचा मृत्यू झाला. त्यानंतर प्राणिप्रेमी संस्थांनी पाठपुरावा केला, दोन देशांच्या परवानग्या मिळाल्या आणि जुलै २०१८ मध्ये रंगीलाला आग्र्यास आणण्यात आले. दोघांची वेसण एकाच दिवशी सुटली होती. पुढील व्यवस्था हाताशी नसेल तर सुटका किती अपुरी ठरते, हे या घटनेने दाखवून दिले.

दोरीच्या दुसऱ्या टोकाचे पुनर्वसन

दोरीच्या एका टोकाला अस्वल होते, दुसऱ्या टोकाला माणूस. अस्वल सोडवून माणसाला रिकाम्या हाताने परत पाठविले असते तर त्याने दुसरे पिलू विकत घेतले असते आणि रानात आणखी एक मादी मारली गेली असती. हे ओळखून अस्वल स्वाधीन करणाऱ्या कलंदराकडून ‘पुन्हा हा व्यवसाय करणार नाही’ असे लेखी वचन घेण्यात आले आणि त्याला दुसऱ्या उद्योगासाठी बीजभांडवल देण्यात आले. कोणी रिक्षा घेतली, कोणी किराणा दुकान काढले, कोणी बांगड्यांची विक्री सुरू केली. स्त्रियांना शिवणकाम व हस्तकलेचे शिक्षण मिळाले. मुलांना, विशेषतः मुलींना, शाळेत पाठविण्यासाठी मदत करण्यात आली. काही कलंदरांना अस्वलांची निगा राखण्याचे काम केंद्रातच मिळाले.

सारे काही सुरळीत झाले असे म्हणणे धाडसाचे ठरेल. भटक्या समाजाच्या माथी असलेले दारिद्र्य, कागदपत्रांचा अभाव आणि समाजाची संशयी नजर एका योजनेने नाहीशी होत नाही. तथापि, वन्यजीव गुन्ह्याच्या प्रश्नात गुन्हा करणाऱ्याच्या पोटाचाही विचार झाला, हे या मोहिमेचे वेगळेपण. केवळ छापे घालून सात वर्षांत सहाशे अस्वले मिळाली नसती. ती मिळाली याचे मोठे कारण म्हणजे बहुतेक मालकांनी ती आपण होऊन आणून दिली.

ज्ञानगंगेच्या रानातील अस्वल

डोणगाव ज्या जिल्ह्यात आहे, त्याच बुलढाणा जिल्ह्यात, बुलढाणा आणि खामगावच्या दरम्यान ज्ञानगंगा अभयारण्य पसरले आहे. १९९७ मध्ये घोषित झालेल्या, सुमारे २०५ चौरस किलोमीटरच्या या पानगळीच्या रानात अस्वलांची चांगली वस्ती आहे. डिसेंबर २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून निघालेला तरुण वाघ १,३०० किलोमीटरहून अधिक चाल करून येथे पोचला, तेव्हा ज्ञानगंगेचे नाव देशभर गाजले. वाघ पाहुणा होता. अस्वल मात्र येथील जुने रहिवासी. बोथा घाटाच्या परिसरातील गावकऱ्यांना त्यांची ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

ही ओळख नेहमीच सुखाची नसते. उन्हाळ्यात मोहाची फुले वेचावयास पहाटे बाहेर पडणारा माणूस आणि त्याच फुलांसाठी आलेले अस्वल समोरासमोर येतात. अधू दृष्टीमुळे अस्वलाला माणूस अगदी जवळ आल्यावरच कळतो आणि दचकलेले अस्वल पळण्याऐवजी अंगावर येते. पिले असलेली मादी तर अधिकच. चेहऱ्यावर आणि डोक्यावर झालेल्या जखमा माणसाला जन्मभर पुरतात. शेतात रात्रपाळी करणाऱ्या शेतकऱ्यापुढे हा धोका रोजचा आहे आणि आग्र्यातील अस्वलांची कीव करणाऱ्या शहरी वाचकाने तो विसरता कामा नये.

त्यावरचे उपायही ठाऊक आहेत. रानात एकट्याने न जाता गटाने जाणे, बोलत किंवा घुंगरांची काठी आपटत जाणे, पहाट-संध्याकाळ टाळणे, विहिरींना कठडे बांधणे आणि अभयारण्यातील पाणवठे उन्हाळ्यात भरलेले राहतील हे पाहणे. एकटे दिसलेले पिलू ‘अनाथ’ समजून उचलू नये. बहुतेक वेळा आई जवळपासच असते आणि उचललेल्या पिलाचे भवितव्य बंदिवासातच संपते. अशा वेळी वन विभागाच्या ‘हॅलो फॉरेस्ट’ या सेवेच्या १९२६ या क्रमांकावर कळविणे श्रेयस्कर. जखमी वन्य प्राण्यांच्या उपचारासाठी विदर्भात आज नागपूरचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आणि गोरेवाडा येथील बचाव केंद्र उपलब्ध आहेत. दरवेशाच्या काळी यांतले काहीच नव्हते.

आग्र्याच्या केंद्रातील नाचणाऱ्या अस्वलांची पिढी आता वृद्ध झाली आहे. संधिवात, अंधत्व, यकृताचे विकार यांवर उपचार करणे हेच तेथील बहुतांश काम. चांगल्या देखभालीत अस्वल तिशीच्या आसपास पोचू शकते. दरवर्षी त्यांतील काही अस्वले मरतात आणि रस्त्यावरून नवी येत नाहीत. वेसण घातलेल्या अस्वलांसाठी बांधलेली आवारे अशा रीतीने हळूहळू रिकामी व्हावीत, हाच तेथे काम करणाऱ्यांचा हेतू होता. तो सिद्धीस जावयाचा असेल तर ज्ञानगंगेसारख्या रानात आईच्या पाठीवर बसलेले पिलू पुढची दोन वर्षे तिच्याचजवळ राहिले पाहिजे. त्यासाठी लागणारे रान, पाणी आणि माणसाचा संयम पुरविणे हे काम मात्र आग्र्यात होणारे नाही. ते बुलढाण्यातच व्हावे लागेल.